लिनक्सवर कंट्रोलर किंवा गेम चालत नसेल तर: दोष शोधण्याची क्रमवार रीत

विंडोज सोडून लिनक्सकडे वळलेल्या गेम खेळणाऱ्यांच्या तक्रारी बहुधा दोनच असतात. कंट्रोलर जोडला तरी गेममध्ये काही हलत नाही, किंवा गेम सुरू होतो आणि काळा पडदा दाखवून बंद पडतो. यावर शोधू तितके उपाय सापडतात. नवा माणूस ते एकामागून एक करून पाहतो, दहा ठिकाणी बदल करतो, आणि एखादा लागू पडलाच तरी नेमक्या कशाने काम झाले हे त्याला सांगता येत नाही. घरातला दिवा लागेनासा झाला की जाणता वायरमन मीटरपासून टेस्टर लावत दिव्यापर्यंत येतो. येथेही तसेच करावे. कंट्रोलरचा संकेत केबलमधून किंवा ब्लूटूथवरून कर्नलकडे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याकडे, जातो, कर्नलमधला ड्रायव्हर त्याची 'अमुक बटण दाबले गेले' अशी नोंद करतो, ती नोंद वाचण्याची परवानगी प्रोग्रामला असावी लागते, मग स्टीम (व्हॉल्व्ह कंपनीचे गेम विकत घेण्याचे आणि चालवण्याचे सॉफ्टवेअर) किंवा एसडीएल नावाची लायब्ररी त्या बटणाला गेमला कळणारे नाव देते आणि मग ती गेमपर्यंत पोहोचते. साखळी जेथे तुटली असेल तेथेच हात घालावा आणि एका वेळी एकच बदल करावा.

पुढे टर्मिनलच्या, म्हणजे आज्ञा टंकायच्या खिडकीच्या, काही आज्ञा येतील. त्या देवनागरीत अक्षरे फोडून दिल्या आहेत. टंकताना रोमन लिपीतील लहान अक्षरे, मध्ये जागा किंवा जोडरेषा न देता, लिहावीत.

केबल, डोंगल आणि मोड

कंट्रोलरचा दिवा लागला म्हणजे तो संगणकाला सापडला असे समजू नये. फक्त चार्जिंगसाठी बनवलेल्या स्वस्त केबलींत विजेच्या तारा असतात, माहिती वाहून नेणाऱ्या तारा नसतात. अशा केबलीने कंट्रोलर चार्ज होत राहतो आणि संगणकाला मात्र त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून ज्या केबलीने मोबाइलमधले फोटो संगणकावर उतरवता येतात तीच केबल आधी लावून पाहावी, आणि यूएसबी हब मध्ये न घेता थेट संगणकाच्या पोर्टात लावावी.

आता टर्मिनल उघडून 'एल-एस-यू-एस-बी' ही आज्ञा दोनदा चालवावी, एकदा कंट्रोलर न जोडता आणि एकदा जोडून. दुसऱ्या वेळी एक ओळ वाढलेली दिसली पाहिजे. तिच्यात कोलनच्या दोन बाजूंना चार-चार अक्षरांची जोडी असते. डावीकडची जोडी उत्पादकाची असते: ०४५ई मायक्रोसॉफ्टची, ०५४सी सोनीची, ०५७ई निन्टेन्डोची, २डीसी८ एटबिटडूची. पुष्कळ लोक येथे गोंधळतात, कारण भलत्याच कंपनीचा कंट्रोलर जोडूनही ओळीत 'मायक्रोसॉफ्ट कॉर्प. एक्सबॉक्स३६० कंट्रोलर' असे नाव आणि ०४५ई:०२८ई हा क्रमांक दिसतो. हा दोष नाही. बाजारातले अनेक स्वस्त कंट्रोलर स्वतःची ओळख एक्सबॉक्स ३६० चा कंट्रोलर अशीच करून देतात, आणि ते सोयीचेच आहे, कारण त्या कंट्रोलरसाठीचा 'एक्सपॅड' हा ड्रायव्हर लिनक्स कर्नलमध्ये मुळातच असतो.

अशा कंट्रोलरना बहुधा एकाहून अधिक मोड असतात. एक्स-इनपुट मोडमध्ये ते एक्सबॉक्सचे सोंग घेतात, डी-इनपुट मोडमध्ये जुन्या पद्धतीचा साधा जॉयस्टिक म्हणून वावरतात, आणि काहींत स्विच किंवा अँड्रॉइडसाठीही वेगळा मोड असतो. मधले बटण काही सेकंद दाबून धरल्यावर दिव्यांची मांडणी बदलते, ती या मोडबदलाची खूण. एटबिटडूच्या एसएन३० प्रोसारख्या कंट्रोलरमध्ये सुरू करतानाच एक्स आणि स्टार्ट एकत्र दाबले की एक्स-इनपुट मोड लागतो. लिनक्सवर सुरुवात नेहमी याच मोडने करावी. 'बटणे उलटसुलट झाली आहेत' किंवा 'ट्रिगर चालत नाहीत' अशा अनेक तक्रारी एवढ्यानेच मिटतात.

यादीत ओळच वाढली नाही, तर अजून स्टीम किंवा गेमच्या सेटिंगला हात लावण्याचे कारण नाही. दोष केबल, पोर्ट, डोंगल (वायरलेस कंट्रोलरसाठी पोर्टात खोचायचा छोटा तुकडा) किंवा खुद्द कंट्रोलर यांतच आहे.

कर्नलला तो ओळखता येतो का

यादीत ओळ दिसते पण कंट्रोलर चालत नाही, तेव्हा कर्नलचे वय पाहावे. 'यू-एन-ए-एम-ई' लिहून एक जागा सोडून उणे चिन्ह आणि 'आर' टंकले की कर्नलची आवृत्ती दिसते. प्लेस्टेशन ५ च्या ड्युअलसेन्स कंट्रोलरसाठी सोनीने स्वतः लिहिलेला ड्रायव्हर ५.१२ या आवृत्तीपासून, म्हणजे २०२१ पासून, कर्नलमध्ये आहे. निन्टेन्डोच्या स्विच प्रो कंट्रोलरचा आणि जॉय-कॉनचा ड्रायव्हर ५.१६ मध्ये, २०२२ च्या सुरुवातीला आला. उबुंटू २२.०४ चा मूळ कर्नल ५.१५ आहे, म्हणजे ज्याने ती आवृत्ती बसवून पुढे कर्नल बदललाच नाही, त्याचा स्विच प्रो कंट्रोलर स्टीमबाहेर नीट न चालणे स्वाभाविक आहे. अशा वेळी इकडून तिकडून ड्रायव्हर उतरवून घेण्यापेक्षा डिस्ट्रोच्याच (उबुंटूसारख्या आपण बसवलेल्या लिनक्सच्याच) अपडेटमधून नवा कर्नल घेणे केव्हाही शहाणपणाचे.

याला एक मोठा अपवाद आहे. एक्सबॉक्सच्या वायरलेस कंट्रोलरबरोबर विकत मिळणारा मायक्रोसॉफ्टचा अधिकृत डोंगल एक्सपॅड ड्रायव्हरने चालत नाही. त्यासाठी 'एक्सवन' नावाचा स्वतंत्र ड्रायव्हर बसवावा लागतो. तोच कंट्रोलर ब्लूटूथवर चालवायचा असेल, तर कंपन आणि ट्रिगर नीट चालण्यासाठी 'एक्सपॅडनिओ' हा ड्रायव्हर उपयोगी पडतो. एवढा खटाटोप नको असेल तर केबल लावून खेळावे.

बटण दाबल्याची नोंद आणि परवानगी

आता या सगळ्या शोधातली सर्वांत कामाची चाचणी. डिस्ट्रोच्या सॉफ्टवेअर भांडारातून 'ई-व्ही-टी-ई-एस-टी' हे छोटे पॅकेज बसवावे आणि टर्मिनलमध्ये तेच नाव लिहून चालवावे. संगणकाला जोडलेल्या इनपुट साधनांची क्रमांकवार यादी दिसते. कंट्रोलरचा क्रमांक लिहून एंटर दाबावे आणि मग एकेक बटण दाबून पाहावे. एक्सबॉक्सच्या मांडणीतले 'ए' बटण दाबताच 'बीटीएन_साउथ' असे नाव आणि किंमत १ उमटते, बोट उचलताच तीच ओळ ० किंमतीने येते. ड्युअलसेन्ससारखा कंट्रोलर यादीत तीन नावांनी दिसतो, कारण त्याचा टचपॅड आणि हालचाल टिपणारे सेन्सर स्वतंत्र साधने म्हणून नोंदले जातात. त्यांतले मुख्य नाव निवडावे.

यादीत कंट्रोलर दिसलाच नाही, तर तीच आज्ञा आधी 'एस-यू-डी-ओ' (सुडो, म्हणजे प्रशासकाचे अधिकार देणारा शब्द) आणि एक जागा लावून पुन्हा चालवावी. सुडो लावल्यावर कंट्रोलर दिसतो आणि न लावता दिसत नाही, असे झाले तर निदान तेथेच संपते: ड्रायव्हर ठीक आहे, परवानगी नाही. उपाय म्हणजे कंट्रोलरविषयीचे युडेव्ह नियम, म्हणजे कोणते साधन कोणाला वापरता येईल हे ठरवणारे नियम, बसवणे. डेबियन आणि उबुंटूमध्ये ते 'स्टीम-डिव्हाइसेस' या पॅकेजमधून मिळतात. स्टीम फ्लॅटपॅकमधून (प्रोग्राम बाकी प्रणालीपासून वेगळा ठेवणाऱ्या पद्धतीने) बसवले असेल तरी हे नियम मूळ प्रणालीत असावे लागतात, कारण फ्लॅटपॅकच्या कुंपणाआतून ते लावता येत नाहीत. नियम बसवल्यावर कंट्रोलर काढून पुन्हा जोडावा.

जुन्या मार्गदर्शिकांत 'आपले वापरकर्तानाव इनपुट गटात टाका' असा सल्ला सर्रास आढळतो. तो मानू नये. त्याने कंट्रोलर चालू होतो हे खरे, पण त्या गटातल्या वापरकर्त्याने चालवलेल्या कोणत्याही प्रोग्रामला कीबोर्डवर टंकलेले प्रत्येक अक्षर, पासवर्डसुद्धा, वाचता येते. एका गेमसाठी एवढी किंमत मोजण्याची गरज नाही.

याच चाचणीत स्टिकची तब्येतही कळते. एक्सबॉक्सच्या मांडणीत स्टिकची किंमत उणे ३२७६८ ते अधिक ३२७६७ या पट्ट्यात फिरते. बोट काढल्यावर ती शून्याजवळ यावी; काही शे किंवा हजार-दोन हजार इकडे-तिकडे असणे चालते. मायक्रोसॉफ्टने विंडोजवरच्या गेमसाठी डाव्या स्टिकला ७८४९ पर्यंतची हालचाल दुर्लक्षिण्याजोगी मानली आहे. तिच्या पुढेच आकडा अडकून राहत असेल आणि गेममधले पात्र आपोआप एका दिशेला चालू लागत असेल, तर स्टिक झिजलेली आहे आणि लिनक्सला दोष देऊन उपयोग नाही. स्टीमच्या सेटिंगमध्ये दुर्लक्षाचा पट्टा वाढवून काही महिने निभावता येते इतकेच. कंट्रोलर काढून ठेवला तरीही पात्र चालतच असेल, तर मात्र यादी पुन्हा नीट पाहावी. काही वायरलेस कीबोर्ड आणि माउस चुकून जॉयस्टिक म्हणून ओळखले जातात आणि गेम त्यांचेच ऐकत बसतो.

ज्यांना टर्मिनल नकोसे वाटते त्यांनी 'जेएसटेस्ट-जीटीके' हा खिडकीत चालणारा प्रोग्राम वापरावा. बटणे आणि स्टिक त्यात डोळ्यांना दिसतात.

ब्लूटूथची जोडणी

ब्लूटूथवर जोडताना कंट्रोलर आधी जोडणीच्या अवस्थेत आणावा लागतो: ड्युअलशॉक ४ मध्ये शेअर आणि पीएस, ड्युअलसेन्समध्ये क्रिएट आणि पीएस ही बटणे दिवा भराभर लुकलुकेपर्यंत एकत्र धरावीत, तर एक्सबॉक्सच्या कंट्रोलरमध्ये वरच्या कडेचे छोटे बटण धरावे. एक्सबॉक्स वनच्या सुरुवातीच्या कंट्रोलरमध्ये ब्लूटूथ नव्हतेच. मधल्या एक्सबॉक्स बटणाभोवतीचे प्लास्टिक वरच्या चकचकीत पट्टीचा भाग असेल तर तो जुना, आणि ते कंट्रोलरच्या पुढच्या भागाशी एकसंध असेल तर नवा, असे ओळखावे.

कंट्रोलर एकदा जोडला जातो पण दुसऱ्या दिवशी आपोआप जोडला जात नाही, या तक्रारीचे कारण बहुधा त्यावर 'विश्वसनीय' अशी खूण केलेली नसते. 'ब्लूटूथसीटीएल' या आज्ञेत शिरून जोडणीनंतर 'टी-आर-यू-एस-टी' हा शब्द आणि कंट्रोलरचा पत्ता दिला की ती खूण होते. एक्सबॉक्सचा कंट्रोलर जोडला जाऊन लगेच तुटत असेल आणि पुन्हा पुन्हा असेच होत असेल, तर त्याचे फर्मवेअर (कंट्रोलरच्या आतले सॉफ्टवेअर) जुने असण्याची शक्यता मोठी आहे. ते अद्ययावत करण्यासाठी मायक्रोसॉफ्टचे विंडोजवरचे 'एक्सबॉक्स ॲक्सेसरीज' हे ॲप लागते, त्यामुळे मित्राचा विंडोज संगणक पाच मिनिटे मागावा. मधूनच संकेत अडखळत असेल तर ब्लूटूथचा डोंगल यूएसबी ३ च्या पोर्टापासून आणि बाह्य हार्ड डिस्कपासून दूर न्यावा, कारण यूएसबी ३ च्या विद्युत गोंगाटाचा ब्लूटूथच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्याला अडथळा होतो. एक हात लांबीची यूएसबी वाढीव केबल येथे पुरते.

स्टीम इनपुट: मदतनीस आणि कधी कधी अडचण

वरच्या चाचणीत बटणांच्या नोंदी नीट उमटत असतील आणि तरी गेममध्ये कंट्रोलर चालत नसेल, तर प्रश्न स्टीमच्या किंवा गेमच्या पातळीवर आहे. स्टीम इनपुट ही सोय खऱ्या कंट्रोलरच्या नोंदी स्वतः वाचते आणि गेमपुढे एक आभासी एक्सबॉक्स ३६० कंट्रोलर उभा करते. स्टीम चालू असताना चाचणीच्या यादीत 'मायक्रोसॉफ्ट एक्स-बॉक्स ३६० पॅड ०' असे नाव अचानक दिसते, ते याचेच. ज्या गेमला फक्त एक्सबॉक्सचा कंट्रोलर कळतो त्यात यामुळे प्लेस्टेशनचा किंवा स्विचचाही चालतो, हा मोठा फायदा.

तोटा असा की काही गेम खरा आणि आभासी असे दोन्ही कंट्रोलर एकदम वाचतात. मग मेनूत एकदा खाली दाबले की निवड दोन घरे सरकते, किंवा एकाच खेळाडूला गेम दोन खेळाडू समजतो. अशा वेळी त्या गेमच्या नावावर उजवे बटण दाबून 'प्रॉपर्टीज', मग 'कंट्रोलर' येथे जावे आणि त्या एका गेमपुरते स्टीम इनपुट बंद करावे. याच्या उलट, गेमला कंट्रोलर दिसतच नसेल तर तेथेच ते सक्तीने चालू करून पाहावे. दोन्ही प्रकारे पाहिल्यावर गेम बंद करून पुन्हा सुरू करणे विसरू नये; कंट्रोलर नंतर जोडला तर तो न ओळखणारे गेम आजही पुष्कळ आहेत.

अनोळखी कंट्रोलरची बटणे अदलाबदल झाली असतील तर स्टीमच्या 'सेटिंग्ज'मधील 'कंट्रोलर' या पानावर प्रत्येक बटण कोणते हे एकदा दाखवून द्यावे. डेस्कटॉपवर असताना स्टिक हलवली की माउसचा बाण फिरतो, हाही बिघाड नसून स्टीमचीच डेस्कटॉपसाठीची मांडणी आहे, आणि त्याच पानावरून ती बंद करता येते. स्टीमबाहेरून घेतलेल्या गेमला ही सारी सोय हवी असेल, तर तो 'नॉन-स्टीम गेम' म्हणून स्टीमच्या संग्रहात जोडून तेथून सुरू करावा.

गेमच सुरू होत नाही तेव्हा

विंडोजसाठी बनलेले बहुतेक गेम लिनक्सवर प्रोटॉनच्या आधाराने चालतात. विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणाऱ्या, १९९३ पासून विकसित होत आलेल्या वाइनवर व्हॉल्व्ह कंपनीने प्रोटॉन उभारला आणि ऑगस्ट २०१८ मध्ये २७ गेमच्या मंजूर यादीसह प्रसिद्ध केला. आज त्याच्यावर चालणाऱ्या गेमची संख्या हजारोंत आहे. त्यातील डीएक्सव्हीके आणि व्हीकेडी३डी-प्रोटॉन हे दोन भाग गेमच्या डायरेक्टएक्समधील (विंडोजच्या चित्रे रेखाटण्याच्या पद्धतीतील) आज्ञा वल्कनमध्ये, म्हणजे लिनक्सवर चालणाऱ्या तशाच पद्धतीत, बदलतात. म्हणजे वल्कन नीट चालत नसेल तर प्रोटॉनही चालणार नाही, आणि म्हणून तपासणीही तेथूनच सुरू करावी.

'वल्कन-टूल्स' पॅकेज बसवून 'वल्कनइन्फो' ही आज्ञा, पुढे जागा सोडून दोन उणे चिन्हे आणि 'समरी' हा शब्द देऊन चालवावी. तेथे आपल्या ग्राफिक्स कार्डाचे नाव दिसले पाहिजे. 'एलएलव्हीएम-पाइप' एवढेच नाव दिसत असेल तर सगळी चित्रे प्रोसेसरच रेखाटत आहे आणि कार्डाचा ड्रायव्हर बसलेलाच नाही. कार्डाचे नाव दिसत असेल तर त्याखालची वल्कनची आवृत्ती पाहावी. नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेल्या डीएक्सव्हीके २.० पासून वल्कन १.३ अनिवार्य झाले आणि प्रोटॉन ८ पासून पुढे तेच वापरले जाते. आपल्याकडे जुन्या आणि कमी खर्चात जुळवलेल्या संगणकांत एनव्हीडियाचे जीटी ७१० कार्ड अजून दिसते. त्याला एनव्हीडियाचा ४७० मालिकेतला ड्रायव्हर हाच शेवटचा मिळाला आणि त्यात वल्कन १.२ पर्यंतच मजल आहे. नव्या प्रोटॉनवर ते कार्ड काळा पडदा दाखवणारच. त्यासाठी गेमच्या 'प्रॉपर्टीज'मधील 'कम्पॅटिबिलिटी' येथे प्रोटॉन ७ सक्तीने निवडावा; डायरेक्टएक्स ११ पर्यंतचे जुने गेम त्यावर चालण्याची आशा असते. २०१३ मधल्या, इंटेलच्या चौथ्या पिढीतल्या प्रोसेसरच्या अंगच्या ग्राफिक्समध्ये तर वल्कनच अपूर्ण आहे, आणि तेथे नव्या गेमच्या मागे न लागणेच बरे.

आणखी एक बारकावा. पुष्कळ जुने गेम ३२-बिटचे आहेत, त्यामुळे ग्राफिक्स ड्रायव्हरचे ३२-बिट भागही बसवलेले असावे लागतात. ६४-बिटचे गेम चालतात आणि जुने तेवढे चालत नाहीत, असे दिसले की पहिला संशय यावर घ्यावा.

ड्रायव्हर ठीक असेल तर प्रोटॉनडीबी या संकेतस्थळावर गेमचे नाव शोधावे. तेथे खेळाडूंनी प्लॅटिनमपासून 'बोर्क्ड'पर्यंत दर्जे दिलेले असतात, पण दर्जापेक्षा खालच्या ताज्या नोंदी वाचाव्यात, आणि त्यांतही आपल्यासारखेच कार्ड असणाऱ्यांच्या. तीन वर्षांपूर्वीचा उपाय आज अपाय करू शकतो. गेम चालतो पण मधली चित्रफीत दिसत नाही, रंगीत पट्टे येतात, असे असेल तर 'जीई-प्रोटॉन' ही स्वयंसेवी आवृत्ती 'प्रोटॉनअप-क्यूटी' या प्रोग्रामने बसवून पाहावी. काही गेमची लिनक्ससाठीची स्वतंत्र आवृत्ती निघाली आणि मग बेवारस पडली; तेथे 'कम्पॅटिबिलिटी'मधून प्रोटॉन लादला की विंडोजची आवृत्ती उतरते आणि बहुधा अधिक बरी चालते.

विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवणारे लोक विंडोजच्या एनटीएफएस विभागातलेच गेम लिनक्सवरून चालवू पाहतात. हे टाळावे. विंडोजचे 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर तो विभाग लिनक्समध्ये फक्त वाचण्यापुरता उघडतो, आणि प्रोटॉनला 'सी' नंतर कोलन असलेल्या नावांचे दुवे तयार करावे लागतात, ते एनटीएफएसवर बिघडतात. गेम लिनक्सच्या विभागात नव्याने उतरवून घेणे हाच सरळ मार्ग.

पूर्वी चालणारा गेम अचानक चालेनासा झाला, तर 'स्टीमॲप्स'मधील 'कम्पॅटडेटा' फोल्डरात त्या गेमच्या क्रमांकाचा फोल्डर असतो, तो नव्याने तयार होऊ द्यावा. मात्र तो पुसून टाकू नये, त्याचे नाव बदलावे. ज्या गेमचे सेव्ह क्लाउडवर जात नाहीत त्यांचे सेव्ह त्याच फोल्डरात असतात.

विकत घेण्यापूर्वी अँटी-चीट पाहावे

काही गेम कोणत्याही खटपटीने चालत नाहीत, आणि त्यांत आपला किंवा संगणकाचा दोष नसतो. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोन फसवणूक-प्रतिबंधक यंत्रणांनी सप्टेंबर २०२१ मध्ये प्रोटॉनला वाट करून दिली, पण ती प्रत्येक गेमच्या निर्मात्याने आपणहून उघडावी लागते. फोर्टनाइटने ती उघडलेली नाही. व्हॅलोरंटची व्हॅनगार्ड यंत्रणा विंडोजच्या कर्नलमध्ये शिरून काम करते, त्यामुळे लिनक्सवर तिचा प्रश्नच येत नाही. तीच यंत्रणा २०२४ मध्ये लीग ऑफ लेजंड्सला लावली गेल्यावर तोही गेम लिनक्सवरून गेला. चालणारा गेम बंदही होऊ शकतो: एपेक्स लेजंड्सने ३१ ऑक्टोबर २०२४ रोजी लिनक्सवरून खेळण्याची सोय काढून घेतली, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये बॅटलआय आल्यापासून जीटीए ऑनलाइन लिनक्सवर चालत नाही, जरी जीटीए ५ ची एकट्याने खेळायची कथा चालते. यावर 'हमखास उपाय' सांगणारे व्हिडिओ पाहून खाते बंद पाडून घेऊ नये. मित्रांबरोबर हेच गेम खेळायचे असतील तर विंडोजचा एक विभाग ठेवणे प्रामाणिक उत्तर आहे. काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ यांच्या मात्र लिनक्ससाठी स्वतंत्र आवृत्त्या आहेत.

मदत मागताना काय द्यावे

एवढे करूनही गेम बंदच पडत असेल तर लॉग घ्यावा. गेमच्या 'प्रॉपर्टीज'मधील 'लाँच ऑप्शन्स'च्या चौकटीत प्रोटॉन आणि लॉग हे दोन शब्द मोठ्या रोमन अक्षरांत, मध्ये अधोरेषा देऊन लिहावेत, लगेच बरोबरचे चिन्ह आणि १ द्यावा, मग एक जागा सोडून दोन टक्केचिन्हांच्या मध्ये 'कमांड' हा शब्द लहान अक्षरांत लिहावा. गेम एकदा चालवून बंद पडू द्यावा. होम फोल्डरात 'स्टीम' शब्दाने सुरू होणारी आणि गेमचा क्रमांक असलेली लॉग फाइल तयार होते. स्टीमच्या 'हेल्प' मेनूतील 'सिस्टम इन्फर्मेशन'चा मजकूरही जपून ठेवावा. व्हॉल्व्हने गिटहब या संकेतस्थळावरच्या प्रोटॉनच्या भांडारात गेमवार नोंदी ठेवल्या आहेत. आपल्या गेमची नोंद आधीच असेल तर नवी न उघडता तिच्यातच ही लॉग फाइल, डिस्ट्रो, कर्नल, ग्राफिक्स ड्रायव्हर आणि प्रोटॉन यांच्या आवृत्त्या, आणि कोणत्या क्षणी गेम बंद पडतो ते लिहावे. लॉग देण्याआधी तो एकदा चाळून घ्यावा, कारण त्यात आपल्या वापरकर्तानावासह फोल्डरांचे पूर्ण पत्ते असतात. काम झाले की 'लाँच ऑप्शन्स'मधली ती ओळ काढून टाकावी. लॉग लिहीत राहिल्याने गेम मंदावतो आणि डिस्कही भरते.